महाविद्यालयाचा दरवाजा आणि आपला अर्ज

(एका तालुक्याच्या गावी बुद्धविहारात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकविणे हा माझा व्यवसाय आहे, आणि दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्रे तपासणाऱ्या मेजामागे बसणे हे त्या व्यवसायाबरोबर आलेले काम आहे. त्या मेजामागून जे मला दिसले, तेवढेच मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आपल्या वडिलांसह माझ्यासमोर उभी राहिली. वडील गवंडीकाम करणारे. मुलीला गावाजवळच्या एका खाजगी महाविद्यालयात जागा मिळाली होती आणि ती पक्की करावयास दोघे आली होती. मी तिचा गुणवत्ता क्रमांक पाहिला आणि थांबलो. त्या क्रमांकावर तिला एका नामांकित सरकारी महाविद्यालयात, तिला हव्या असलेल्या शाखेत, सहज जागा मिळाली असती. मी विचारले, "ते महाविद्यालय पसंतीच्या यादीत कितव्या क्रमांकावर लिहिले होते?" ती म्हणाली, "लिहिलेच नव्हते, सर. चुलते म्हणाले, तिथे आपल्याला कुठे मिळणार!" तिने सारी तीनच नावे लिहिली होती आणि तिन्ही घरापासून एका एस.टी.च्या अंतरावरची होती. नियमाप्रमाणे पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यामुळे ती जागा आपोआप पक्की झाली होती आणि पुढील फेऱ्यांतून तिचे नाव निघाले होते. मला काहीही करता आले नाही. वडिलांनी मला दोनदा विचारले, "म्हणजे मिळाली असती का?" मी "हो" म्हणालो. त्या "हो"चे ओझे अजून माझ्या मनावर आहे.

बंधुभगिनींनो, त्या मुलीला कोणत्याही महाविद्यालयाने नाकारले नव्हते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी त्या दरवाजापर्यंत गेलेले नाही, त्या घरात दरवाजा बंद आहे असे गृहीत धरण्याची सवय लागते. ही सवय आळसातून आलेली नाही; ती अनुभवातून आली आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु आज दरवाजा उघडा आहे की बंद, हे अंदाजाने ठरविण्याचे कारण उरलेले नाही. ते आकड्यांनी मोजता येते, आणि ते आकडे सर्वांना पाहावयास खुले आहेत.

प्रथम गुण आणि पर्सेंटाईल यांतील फरक समजून घेतला पाहिजे, कारण येथेच निम्मी घरे चुकतात. महाराष्ट्राच्या सीईटीत नव्वद पर्सेंटाईल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. परीक्षा अनेक सत्रांत होते. आपल्या सत्रातील शंभरांपैकी नव्वद मुलांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. आता समजा की तीन लाख मुले परीक्षेला बसली. नव्वद पर्सेंटाईलच्या मुलापुढे सुमारे तीस हजार मुले असतील. एक्याण्णवच्या मुलापुढे सत्तावीस हजार. परंतु अठ्ठ्याण्णववाल्यापुढे सहा हजार आणि नव्व्याण्णववाल्यापुढे तीनच हजार. खालच्या भागात एका पर्सेंटाईलने रांग थोडी पुढे सरकते. वरच्या भागात त्याच एका पर्सेंटाईलने ती निम्मी होते. म्हणून शेजारच्या मुलापेक्षा "एकच पर्सेंटाईल कमी" असे म्हणून निश्चिंत होऊ नये, आणि "एकच जास्त" म्हणून ते तुच्छही मानू नये. पाहावयाचा असतो तो गुणवत्ता यादीतील क्रमांक: सर्वांच्या यादीतील क्रमांक, आणि प्रवर्गाच्या यादीतील आपले स्थान.

यानंतर मागील वर्षांचे कट-ऑफ पाहावयाचे. कट-ऑफ म्हणजे त्या महाविद्यालयात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात आत गेलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा क्रमांक. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या याद्यांत जी, एल, एच, ओ, एस अशी अक्षरे जोडलेली असतात, ती पाहून पालक घाबरतात. त्यांचा उलगडा सोपा आहे. आरंभीचे जी म्हणजे सर्वांसाठीची जागा, एल म्हणजे मुलींसाठीची. शेवटचे एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्याची जागा, ओ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातील विद्यार्थ्याची, आणि एस म्हणजे राज्यपातळीवरची. मधली अक्षरे प्रवर्गाची. राज्याच्या प्रवेशांत मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत. तेव्हा मुलीच्या पालकांनी जी आणि एल असे दोन्ही रकाने पाहावेत.

यादी पाहताना एक वर्ष पाहून थांबू नये. निदान तीन वर्षांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत, आणि पहिल्या फेरीचा आकडा व शेवटच्या फेरीचा आकडा असे दोन्ही लिहावेत. पहिल्या फेरीत वरच्या क्रमांकाची मुले जागा अडवून बसतात. त्यांपैकी पुष्कळ पुढे आय.आय.टी.कडे किंवा वैद्यकीयकडे निघून जातात आणि जागा मोकळ्या होतात. पहिल्या फेरीची यादी पाहून ज्यांनी वही मिटली, असे कितीतरी विद्यार्थी मला ठाऊक आहेत. तीन वर्षांचे आकडे आपल्या क्रमांकाच्या पुष्कळ पुढे असतील, तर ती जागा दूरची. आकडे आपल्या क्रमांकाच्या आगेमागे हलत असतील, तर ती काठावरची. आणि तिन्ही वर्षे आपल्या बऱ्याच मागे असतील, तर ती हाताशी असलेली. जागा वाढतात, शाखांची आवड बदलते, म्हणून हे शास्त्र अचूक नाही. पण चुलत्यांच्या अंदाजापेक्षा ते पुष्कळ बरे!

आणखी एक गोष्ट मी विशेष जोर देऊन सांगतो. आपली मुले फक्त अनुसूचित जातींचा रकाना पाहतात. हे चूक आहे. खुली जागा ही सवर्णांची जागा नव्हे. ती सर्वांची जागा आहे, आणि ज्याचा क्रमांक वर आहे त्या आपल्या मुलाचीही आहे. आपले मूल गुणांवर खुल्या जागेत गेले, तर राखीव जागा मागच्या एका मुलासाठी मोकळी राहते. आय.आय.टी. आणि एन.आय.टी. यांच्या संयुक्त प्रवेशात, ज्याला जोसा म्हणतात, यंत्रच प्रत्येक पसंतीला प्रथम खुल्या जागेसाठी आपले नाव पाहते आणि मग राखीव जागेसाठी पाहते. त्यासाठी आपण काही वेगळे करावयाचे नसते.

आता पसंतीक्रमाकडे येतो, कारण त्या मुलीचे नुकसान तेथे झाले. पालकांच्या मनात एक भीती असते की, वर मोठे महाविद्यालय लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल. म्हणून ते मोठे नाव लिहीतच नाहीत. ही भीती निराधार आहे. का, ते पाहा. शाळेच्या बक्षीस समारंभाची कल्पना करा. मेजावर पुस्तके मांडली आहेत. मुले गुणानुक्रमे रांगेत उभी आहेत आणि प्रत्येकाच्या हाती हव्या असलेल्या पुस्तकांची यादी आहे. आपला क्रमांक आला की गुरुजी आपली यादी वरून वाचतात. पहिले पुस्तक गेले असेल तर दुसरे पाहतात, दुसरे गेले असेल तर तिसरे. जे शिल्लक असेल ते हाती देतात. यादीच्या आरंभी दुर्मिळ पुस्तक लिहिले म्हणून रांगेतील आपली जागा मागे सरकते काय? मुळीच नाही. परंतु ते पुस्तक शिल्लक असूनही आपल्या यादीत नसेल, तर गुरुजी ते आपणहून देणार नाहीत. प्रवेशाचे यंत्र याच रीतीने चालते.

म्हणून यादी मनातील खऱ्या इच्छेच्या क्रमाने लिहावी, कट-ऑफच्या क्रमाने नव्हे. वरती दूरच्या, मध्ये काठावरच्या, खाली हाताशी असलेल्या जागा पुष्कळ असाव्यात. यादी लांब असल्याने काहीही तोटा नाही. आखूड असल्याने सर्व फेऱ्या संपूनही रिकाम्या हाताने परतावे लागते. मात्र महाराष्ट्राच्या प्रवेशातील बंधन डोळ्यांपुढे ठेवावे. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की ती पक्की होते. २०२५ सालच्या प्रवेशात हे बंधन दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना होते. नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्यावाचून अर्ज भरू नये. जी जागा मिळाली तर मन खट्टू होईल, ती वरच्या ओळींत लिहूच नये. जोसाच्या प्रवेशात मिळालेली जागा स्वीकारून पुढे तीन मार्ग असतात: तीच कायम करणे, त्याच संस्थेत वरच्या पसंतीच्या शाखेची वाट पाहणे, किंवा वरच्या कोणत्याही पसंतीची वाट पाहणे. वाट पाहत असता हातची जागा जात नाही. वरची मिळाली तरच खालची सुटते. मात्र मुदतीत शुल्क भरले नाही किंवा कागद दिले नाहीत, तर जागा जाते आणि माणूस प्रक्रियेबाहेर पडतो.

मुदतीचा विषय निघाला म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातील एक गोष्ट आठवते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळविली होती. १९२० साली ते परत गेले ते त्या परवानगीच्या आधारावर, आणि १९२३ साली डी.एस्‌सी. झाले. एवढा प्रकांड पंडित, पण मुदत आणि कागद यांच्याविषयी किती दक्ष!

आता मी कागदांकडे वळतो, आणि येथे मला थोडा अधिक वेळ घ्यावा लागेल. आपणांपैकी काही कुटुंबांनी अगदी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे. मला वारंवार विचारण्यात येते, "दीक्षा घेतल्याने मुलाची राखीव जागा जाते काय?" याचे उत्तर नि:संदिग्ध आहे. जात नाही. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे फक्त हिंदू धर्मातील व्यक्तीच अनुसूचित जातीची मानली जात असे. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या चौदा तारखेस नागपुरास लाखोंनी दीक्षा घेतली आणि केंद्राच्या दृष्टीने ते यादीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीत सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या संस्थांचा प्रश्न १९९० पर्यंत लोंबकळत राहिला. १९९० साली संसदेने कायदा करून आदेशात बौद्धांचा समावेश केला. आज राज्याच्या प्रवेशात अनुसूचित जाती आणि त्यांतून बौद्ध झालेले यांना मिळून तेरा टक्के जागा आहेत, आणि केंद्राच्या संस्थांत पंधरा टक्के. या सवलतीला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागत नाही. तो इतर मागासवर्गीयांना लागतो. त्याच्यासाठी उगाच कचेरीच्या फेऱ्या मारू नयेत.

मात्र एक अडचण आहे, आणि ती मनाला लागणारी आहे. राष्ट्रपतींच्या यादीत जातींची नावे आहेत. "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" असे नाव तेथे नाही. म्हणून दाखल्यावर मूळ जातीचे नाव आणि धर्म बौद्ध असे दोन्ही यावे लागते. एक गृहस्थ माझ्या मेजासमोर म्हणाले, "साहेब, जो शब्द आम्ही सोडला, तो पुन्हा माझ्या मुलाच्या कागदावर मी लिहू काय?" त्यांचा आवाज कापत होता. मी त्यांना उपदेश केला नाही. मी इतकेच म्हणालो की, हा कागद आपण काय मानता हे सांगत नाही. आपल्या आजोबांना काय भोगावे लागले, याची ती सरकारदरबारची नोंद आहे. त्यांनी सही केली. त्यांना माझे म्हणणे पटले की मुलासाठी त्यांनी गिळले, हे मला आजही ठाऊक नाही. दोन्ही गोष्टींचा मला आदर आहे.

दाखल्याच्या पुढची पायरी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राज्यातील व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेसाठी ते लागते आणि जिल्ह्याची जात प्रमाणपत्र पडताळणी समिती ते देते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आता विचार करा: आपल्यापैकी किती जणांच्या आजोबांना त्या काळी शाळेत बसू दिले होते? पण हताश होण्याचे कारण नाही. गावच्या जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही जिला आपण कोतवाल बुक म्हणतो, महसुलाचे जुने उतारे, यांत नाव सापडते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणास, म्हणजे काकाला, चुलतभावाला किंवा सख्ख्या बहिणीला, वैधता मिळाली असेल, तर वंशावळीसह ती जोडल्याने काम पुष्कळ हलके होते. ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" आहे, त्यांनी तर हा जुना दुवा शोधण्यास आजच आरंभ करावा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची रांग मी पाहिली आहे. शासन कधी मुदत वाढविते, कधी वाढवीत नाही. विद्यार्थी अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. आय.आय.टी., एन.आय.टी. यांना वैधता लागत नाही, परंतु जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातील लागतो. राज्याच्या नमुन्यातील दाखला घेऊन गेलेले विद्यार्थी तेथे अडचणीत येतात.

अभ्यासाविषयी मी थोडेच सांगतो, कारण आपले शिक्षक ते अधिक चांगले सांगतील. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हाताने गुण टाकून देणे होय. जेईई मेन आणि वैद्यकीयच्या नीट परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो; तेथे हात आवरावा लागतो. सीईटीत सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा आणि ऐंशी टक्के बारावीचा असतो. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजणाऱ्यांचे नुकसान तेथेच सुरू होते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवाव्यात. ज्या घरात एकच खोली आहे, तेथे हे कसे व्हावे? हा विहार संध्याकाळी रिकामा असतो, हे मी येताना पाहिले.

बारावीच्या बोर्डाकडेही दुर्लक्ष नको. आय.आय.टी. आणि एन.आय.टी.साठी आपल्या मुलांना बारावीत पासष्ट टक्के गुण किंवा आपल्या बोर्डात, आपल्या प्रवर्गात, वरच्या वीस पर्सेंटाईलमधील स्थान लागते. एन.आय.टी.त निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात; आपल्यासाठी ती संस्था नागपूरची विश्वेश्वरय्या. ज्यांना जेईई ॲडव्हान्स्ड द्यावयाची आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की ती लागोपाठच्या दोन वर्षांतच, दोन वेळा देता येते. आय.आय.टी.त जागा शिल्लक राहिल्यास थोडक्यात मागे पडलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम देऊन पुढच्या वर्षी प्रवेश देतात. ही तरतूद आपल्या घरांत फारशी कोणास ठाऊक नसते. मुलींसाठी २०१८ पासून तेथे जादा जागा आहेत आणि यादीत त्यांची वेगळी ओळ असते.

पैशाचे भय सर्वांत मोठे, आणि ते खोटे नाही. तरी हिशेब करून भ्यावे. आय.आय.टी.त अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि भोजनाचा खर्च मात्र राहतो. राज्यात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून अधिक असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत निराळ्या योजनेतून मिळते. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. परंतु लक्षात ठेवा, हे साहाय्य केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेला आहे. गावोगाव हिंडणारे दलाल "मॅनेजमेंटमधून जागा करून देतो" म्हणून आगाऊ रक्कम घेतात. त्या जागेला शिष्यवृत्ती नाही. एका शेतमजूर कुटुंबाने बैलजोडी विकून अशी जागा घेतल्याचे मी पाहिले आहे. त्यांच्या मुलाचा क्रमांक फेरीतून जागा मिळण्याजोगा होता, फक्त त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

मी पुढील दोन रविवार सकाळी दहा वाजता येथे येऊन बसणार आहे. ज्यांची मुले अकरावीत आहेत त्यांनी पहिल्या रविवारी यावे, कारण त्यांच्या वैधतेचे काम लांबचे आहे. येताना घरातील जुन्या पेटीत जे काही कागद असतील ते सर्व आणावेत. कोणता उपयोगी आणि कोणता नाही, हे घरी ठरवू नये. बारावीच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या रविवारी एक कोरी वही आणावी. तीन वर्षांचे आकडे आपण येथेच बसून उतरवून घेऊ, आणि पसंतीची यादी प्रत्येकाने स्वत:च्या हाताने लिहावयाची आहे. चुलत्यांना बरोबर आणावयास हरकत नाही.